टेबलावरचे जव्हार

प्रवासाहून परतणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पिशवीत चारदोन वस्तू अशा असतातच, की ज्यांची घरात कोणालाच गरज नसते. किल्ल्या अडकवायची चित्रित फळी, बांबूची बोटभर टोपली, भिंतीवर टांगायचा मुखवटा, वारली चित्रे काढलेले मातीचे मडके. विकत घेताना जिचे मोल सर्वांत अधिक वाटते आणि घरच्या उंबऱ्याशी पोहोचताच जिचे मोल जवळजवळ शून्यावर येते, अशी ही चमत्कारिक वस्तू आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घटत्या उपयोगितेचे उदाहरण म्हणून भाकरीचे दिले जाते. वस्तुतः या स्मरणवस्तूंचे दिले, तर विद्यार्थ्यांच्या अधिक लवकर ध्यानात येईल, कारण भाकरीची उपयोगिता निदान तिसऱ्या-चौथ्या घासापर्यंत टिकते.

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत अशा वस्तूंचा बाजार अलीकडे वाढला आहे. दाभोसाचा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा पाहण्यास मुंबई-ठाण्याहून आणि नाशिकहून माणसे येतात. येताना मागे राहिलेले उष्ण, दमट शहर विसरावे एवढी थंडी कार्तिकात तेथे असते. काही पर्यटक म्हणून येतात, तर काही पाहुणे म्हणून. हा दुसरा वर्ग पहिल्याइतका दिसत नाही. पण त्याचे महत्त्व कमी नाही. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, न्यायालय, रुग्णालय, शाळा, महाविद्यालय आहे. त्यामुळे बदलीवर गेलेल्या शिक्षकांची, लिपिकांची, परिचारिकांची बिऱ्हाडे तेथे कायमच असतात. सरकारी नोकरांच्या बोलण्यात जव्हार-मोखाड्याची बदली ही शिक्षा समजली जाते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या सुट्टीत या बिऱ्हाडांकडे भाऊ-भावजय, आत्या, मामा येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुले.

असे एखादे बिऱ्हाड डोळ्यांपुढे आणावे. दोन खोल्या, पुढे अरुंद व्हरांडा. पाहुणी मुले घरच्या मुलांत मिसळून सात-आठ झालेली. दिवाळी म्हटल्यावर किल्ला हा हवाच. परंतु भाड्याच्या घरात अंगण नाही, माती आणून व्हरांडा खराब केलेला घरमालकाला चालणार नाही, आणि शहरात मिळतो तसा साच्यातून काढलेला तयार किल्ला येथल्या बाजारात सहजी मिळेलच असे नाही. तेव्हा मुलांची दृष्टी कालच्या खरेदीकडे वळते. मोठ्या माणसांनी हौसेने घेतलेल्या आणि आता खाटेखाली सरकवलेल्या त्या पिशवीत डोंगर आहेत, बुरूज आहेत, शेते आहेत, हे मुलांना एकदम दिसते.

यात काही विलक्षण घडते असे नाही. टेबलावर किंवा जमिनीवर युद्धभूमीची प्रतिकृती मांडून खेळण्याच्या छंदाचा सारा इतिहास अशाच उसनवारीचा आहे. प्रशियाच्या फॉन राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैनिकी शिक्षणासाठी असा खेळ रचला, तेव्हा त्याची पहिली रणभूमी ओल्या वाळूची होती. राजाला तो खेळ पाहण्याची इच्छा झाली. राजापुढे वाळूचे तबक कसे नेणार, म्हणून १८१२ साली त्याने फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा या राजाला कपाटासारखे एक टेबल करून दिले व त्यात प्लॅस्टरचे सुटे तुकडे ठेवले. ते हवे तसे जुळवून नद्या, टेकड्या, गावे करता येत. त्याच्या मुलाने १८२४ च्या सुमारास तोच खेळ नकाशावर आणला आणि प्रशियाच्या सैन्यात तो अधिकृतपणे रूढ झाला. पुढे इंग्लंडात एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घराघरांतील जमिनीवर उतरवला. त्यांच्या खेळाची सुरुवात झाली ती गालिच्यावर विश्वकोशाचे जाडजूड खंड मांडून त्यांनाच डोंगर मानण्यापासून. बागेतल्या डहाळ्या म्हणजे अरण्य, पुठ्ठ्याची घरे म्हणजे गाव. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटूपुटीचे युद्ध किती तरी शहाणपणाचे, असा त्यांचा सांगावा होता. पुस्तक निघाल्याच्या पुढच्याच वर्षी युरोपने तो अव्हेरला.

आज याच खेळाची साधने विकणारी ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप ही कंपनी, जिची सुरुवात १९७५ साली झाली, डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातील शंभर अग्रगण्य कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. बोटाएवढे सैनिक आणि वीतभर उंचीचे पडके बुरूज यांना जग केवढी किंमत मोजते, हे त्यावरून कळावे. ज्यांना ही किंमत परवडत नाही, किंवा परवडूनही जे हातांनी करण्यात आनंद मानतात, ते स्वस्त बाजारी वस्तू आणून त्यांचे रूप पालटतात. मत्स्यालयात ठेवायचा खेळण्यातला राजवाडा, फुलदाणी, देखाव्याची घरे यांवर रंग चढवून, वाळू चिकटवून रणभूमी तयार होते. महाराष्ट्रातील मुले गवतासाठी अळीव आणि मोहरी पेरतात, गोणपाटाला मातीचा काला फासून कडे उभे करतात. दोहोंत जात एकच आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे याला छंद म्हणत नाहीत, सण म्हणतात. म्हणून त्याच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही.

जव्हारच्या वस्तूंकडे या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. रणभूमी घडवणाऱ्या छांदिष्टाला जी जी कसबे पुस्तके वाचून शिकावी लागतात, ती या भागातील कारागिराच्या हातात आधीच आहेत. मोखाडा आणि जव्हार परिसरात फाल्गुन-चैत्राच्या सुमारास बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर देवदैत्यांची सोंगे नाचत येतात. त्यांचे मुखवटे लाकडाचे असतात, तसेच कागदाच्या लगद्याचेही असतात. लगदा थरावर थर देऊन वाळवायचा, हलका पण न मोडणारा करायचा, मग रंगवायचा. टेबलावरील टेकडी करण्याची जगन्मान्य रीत नेमकी हीच आहे. वारली चित्रासाठी भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवतात व त्यावर तांदळाच्या पिठीने, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढतात. सारवणाचा तो खरबरीत, तांबूस पोत म्हणजे सह्याद्रीच्या उघड्या उताराचाच पोत. बांबू चिरून त्याची कूड विणणारा हात मेढेकोट सहज विणील.

म्हणून मुलांना फार कष्ट पडत नाहीत. लगद्याचा मुखवटा उताणा ठेवला की डोंगर झाला. कपाळ हा माथा, नाक ही सोंड. डोंगराच्या उतरत्या धारेला मराठीत सोंड म्हणतात. गणपतीचा मुखवटा असला, तर हा शब्दच सार्थ होतो. मात्र तेथे घरातली आजी आडवी येते आणि ते योग्यच आहे. बोहाड्यात नाचणारा मुखवटा पूजेचा असतो, दुकानातला नसतो, असा युक्तिवाद नातवंडे करतात. परंतु देवाच्या कपाळावर तोफ चढवणे तिला मान्य होत नाही. मग राक्षसाचा मुखवटा घेऊन तडजोड होते. चित्रित मडके पालथे घातले की बुरूज, बांबूच्या चटईचे तुकडे म्हणजे भाताची खाचरे, इवलेसे सूप तिरपे टेकवले की घाट. नदीला निळी फीत.

येथवर हा नुसता खेळ आहे. परंतु मुलांनी किल्ला न करता प्रदेश करायचे ठरवले, की त्यात इतिहास शिरतो. एकटा किल्ला कोठेही ठेवता येतो, प्रदेश कोठला तरी असावा लागतो. व्हरांड्यात बसून समोरची दरी दिसत असताना दुसरा कोणता प्रदेश करणार? ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले समाविष्ट केले. तेथेही नोंद झाली ती केवळ दुर्गांची नव्हे, ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने. म्हणजे दगडी तटापेक्षा तट ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी महत्त्वाची, हे सूत्र त्यात मान्य झाले. दिवाळीतल्या मुलांना ते पूर्वीपासून ठाऊक असावे, कारण गड रचण्याआधी ती डोंगर रचतात.

त्या बारांत पालघर जिल्ह्यातील एकही किल्ला नाही. जव्हार तालुक्यातील भोपतगडाचे नाव तालुक्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक असेल. पण भूमी म्हणून जव्हारचे महत्त्व सतराव्या शतकात असामान्य होते. कल्याणहून सुरतेकडे सह्याद्रीच्या पायथ्यापायथ्याने जायचे, तर वाटेत महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचे हे राज्य आणि त्याच्या उत्तरेस रामनगरचे राज्य लागते. जव्हारच्या राज्याची परंपरा १३४३ सालाच्याही मागे जाते. त्या वर्षी नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली. त्याचा पिता जयबा याची आख्यायिका तर या खेळाला मोठी साजेशी आहे. एका बैलाचे कातडे व्यापील एवढीच जमीन त्याने मागितली, आणि ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी केवढा तरी प्रदेश वेढून घेतला. अशीच कथा कार्थेजच्या डायडो राणीचीही सांगतात. भूमी मोजणाऱ्याच्या चातुर्यावर तिची व्याप्ती ठरते, हे मुलांना सुतळीने अंतरे मोजताना आपोआप कळते.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर गेले, ते या वाटेने. जव्हारजवळच्या शिरपामाळ येथे राजा विक्रमशहाने त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा आहे आणि तेथे आज स्मारक आहे. जव्हारला येणारा प्रत्येक पाहुणा ते पाहतो. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी झाली. १६७२ च्या आरंभी साल्हेरीला मोगलांचा मोठा पराभव झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या सैन्याने जव्हार घेतले. राजा तोच, विक्रमशहा. तेथे सतरा लाखांचा खजिना हाती लागल्याची नोंद इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिली आहे. पाठोपाठ रामनगरही पडले आणि कल्याणपासून सुरतेच्या वेशीपर्यंतची वाट मराठ्यांना मोकळी झाली.

या दुसऱ्या प्रसंगाचे स्मारक नाही. १६६४ चा यजमान १६७२ चा पराजित कसा झाला, हा प्रश्न शाळेत कोणी विचारीत नाही. याचे उत्तर व्यक्तींच्या स्वभावात शोधण्याचे कारण नाही. ते टेबलावर दिसते. एकदा जाऊन परत यायचे असेल, तर वाटेवरच्या राजाशी मैत्री पुरते. वारंवार जायचे असेल, सुरतेकडून दरसाल चौथाई मागायची असेल, तर वाट स्वतःच्या ताब्यात असावी लागते. यात विक्रमशहाचे चुकले असे म्हणता येत नाही आणि महाराजांच्या थोरवीलाही बाध येत नाही. राज्य चालवणाऱ्याला घाट आणि नाकी यांचा हिशेब करावाच लागतो.

खेळाचे नियम या हिशेबातूनच निघतात. घोडदळ सपाटीवर दोन विती पुढे सरकते, घाटात अर्धी. लूट लादलेले घोडे त्याहून मंद. पौषात नदी ओलांडायला फासा टाकावा लागत नाही, आषाढात टाकावा लागतो आणि वाईट दान पडले की तो डाव तेथेच थांबतो. खाचरात पीक उभे असले तर चारा-धान्य मिळते, कापणी होऊन गेली असली तर गावकऱ्यांनी ते कोठे दडवले हे शोधण्यात वेळ जातो. केवळ तलवारीचा विचार करणारे मूल दोन डावांत हरते. दाण्यागोट्याचा विचार करणारे जिंकते, आणि अकारण नासधूस करणाऱ्याला परतीच्या वाटेवर उपाशी राहावे लागते, हेही त्याला कळते. युद्धाचे खेळ मुलांना हिंसक करतात अशी तक्रार असते. ती सरसकट खोटी नाही. पण ज्या खेळात भूक आणि पाऊस यांना स्थान आहे, त्यात युद्धाची चटक लागण्यापेक्षा त्याचा खर्च समजण्याचा संभव अधिक.

मात्र या खेळात एक अडचण उभी राहते, आणि ती बाजाराने निर्माण केलेली आहे. महाराष्ट्रात कोठेही मावळे विकत मिळतात. सिंहासनस्थ महाराज मिळतात, तोफा, हत्ती मिळतात. जव्हारच्या बाजूने लढणारा सैनिक मात्र कोठेच विकत मिळत नाही. कोळी, वारली, ठाकर, कातकरी यांची प्रतिमा खेळण्यांच्या दुकानात नाही. विक्रमशहाची तर नाहीच. एक पक्ष प्लॅस्टरचा, रंगीत, भाले परजलेला; दुसऱ्या पक्षाच्या जागी काय ठेवायचे? येथे पुन्हा त्या पिशवीतल्या वस्तू उपयोगी पडतात. पुठ्ठ्यावर काढलेली दोन त्रिकोणांची वारली माणसे मुले कात्रीने कापतात आणि मातीच्या गोळीत रोवून उभी करतात. ही माणसे मूळ चित्रात लढत नाहीत. ती तारप्याभोवती नाचतात, नांगरतात, ताडावर चढतात. त्यांना जव्हारचे सैन्य करावे लागते, यात आपल्या स्मरणशक्तीची एक उणीव उघडी पडते. ज्या प्रदेशाने सहाशे वर्षे स्वतःचे राज्य चालवले, जे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले, त्याचे वर्तमानपत्री नाव आज कशामुळे निघते? १९९२ मध्ये वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा निघाले. मोखाड्यात मध्य वैतरणेचे धरण २०१४ पासून मुंबईला पाणी देऊ लागले आणि मोखाड्याच्या पाड्यांना वैशाखात टँकर लागतो, या विसंगतीवरून निघते. दुष्काळ, कुपोषण, टँकर आणि धबधबा, एवढ्या चार शब्दांत या भूमीचा परिचय संपतो.

आता किमतीकडे यावे. या वस्तू स्वस्त का आहेत? कच्चा माल फुकट मिळतो म्हणून, असे उत्तर पर्यटक देतो. ते अर्धवट आहे. बांबू, माती, गेरू यांना पैसा कमी लागतो हे खरे. परंतु वस्तूच्या किमतीतला मोठा भाग श्रमाचा असतो आणि तो श्रम स्वस्त असतो, कारण त्या दिवसांत त्याला दुसरे गिऱ्हाईक नसते. जेथे पर्यायी रोजगार नाही, तेथे माणूस मिळेल त्या दराने फावला वेळ विकतो. शिवाय त्याला स्पर्धा आहे ती यंत्रावर छापलेल्या वारली नक्षीची. कप, चादरी, पिशव्या यांवर ती नक्षी कोणीही कोठेही छापतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मूळची ही कला सुवासिनींनी लग्नाचा चौक लिहिण्याची. १९९९ च्या कायद्याखाली वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन लाभले. नाव सुरक्षित झाले. पण त्रिकोण कोणाच्या नावावर नोंदवता येत नाही, आणि छापखान्याला ‘वारली’ हा शब्द न वापरताही माल खपवता येतो.

यावर कोणी उत्साही मनुष्य सुचवील, की मग कारागिरांकडून खेळाच्या रणभूमीच करून घ्याव्यात. शहरांत दिवाळीला तयार किल्ल्यांची विक्री होते. त्या साच्यातल्या किल्ल्यांऐवजी जव्हारच्या लगद्याचे डोंगर, बांबूचे मेढेकोट, चित्रातली माणसे विकावीत. सूचना टाकाऊ नाही. लगदा हलका असतो, पाठवणीला सोपा असतो, आणि त्यासाठी लागणारे कौशल्य बाहेरून आणावे लागत नाही. परंतु मागणी वाढली की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की साचा येतो, आणि साचा आला की मुखवटे करणारा माणूस नगावर मजुरी घेणारा कामगार होतो. हे टाळायचे तर खरेदी कोणी करायची, आगाऊ रक्कम कोणी द्यायची, उरलेला माल कोणाच्या अंगावर पडायचा, याची उत्तरे आधी हवीत. या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर न देता निघालेल्या किती तरी सहकारी संस्थांचे फलक आज गंजले आहेत.

आगाऊ रकमेचा मुद्दा सर्वांत कळीचा आहे. भातकापणी आटोपली की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीमालक पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, हातावर उचल ठेवतो. ती फेडण्यासाठी सारे कुटुंब, पोरांसह, हंगामभर विटा पाडते. मोठ्या माणसाची मजुरी येथेच मिळावी म्हणून रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी केला, तो १९७९ पासून अमलात आला. पण कामाचा मोबदला उशिरा हाती पडत असेल, तर तो उचलीशी स्पर्धा करू शकत नाही. कारागिरीचेही तसेच आहे. मडके रंगवून जानेवारीत पैसे मिळणार असतील, आणि भट्टीवाला श्रावणातच देत असेल, तर चांगल्यात चांगला हातही मडके सोडून वीट धरणार. पर्यटकांचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच आहे, ही या बाजाराची खरी कोंडी. माल खपण्याच्या दिवसांत तो करणारे गावात नसतात.

शिक्षकाच्या बिऱ्हाडातले टेबल तुळशीच्या लग्नापर्यंत तसेच राहते. त्यानंतर पाहुणे निघतात. मुखवट्याला चिकटवलेली वाळू झाडली जाते, मडके सरळ होते, कापलेली माणसे वहीच्या पानांत ठेवली जातात, कारण पुढल्या खेपेस डाव जेथे थांबला तेथून सुरू करायचा असे ठरलेले असते. त्याच आठवड्यात पाड्यांवर टेम्पो लागतात. भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि मुले त्यांत चढतात. शाळा उघडल्यावर हजेरी घेताना काही नावांपुढे शिक्षकाला गैरहजेरीची खूण करावी लागते, ती होळीपर्यंत, काहींच्या बाबतीत पावसाळ्यापर्यंत.